कलशातली वाळू

१

कलशाच्या तोंडावरचं लाल कापड जयेश गुप्त्यांनी सोडलं, आत पाहिलं आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

आत दत्तप्रसाद खानोलकर नव्हते. वाळू होती.

शुक्रवारची सकाळ. बहरीनच्या पश्चिम किनाऱ्यावरचा जुना वाळूचा गोल्फ कोर्स. शनिवारी पहाटेच्या विमानाने चार मित्र स्कॉटलंडला निघणार होते. तिथल्या समुद्रकाठच्या पुराण्या मैदानांवर, ज्यांना लिंक्स म्हणतात, सहा दिवस खेळायचं आणि सातव्या दिवशी खानोलकरांच्या अस्थी तिथल्या वाऱ्यावर सोडायच्या. खानोलकरांना फेब्रुवारीत जाऊन तीन महिने होत आले होते. त्यांना लिंक्स बघायची फार हौस. "त्यांच्याकडे वाळूवर गवत असतं," ते म्हणत, "आपल्याकडे गवत यायचं राहिलंय, एवढाच फरक." गवत यायचं अडतीस वर्षं राहिलं होतं.

अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून कलश क्लबातल्या त्यांच्याच लॉकरमध्ये होता, बुटांच्या वरच्या फळीवर. विमानवाल्यांना घट्ट झाकणाचा डबा लागतो. तेव्हा कलशातून डब्यात भरायला जयेशनी कापड सोडलं होतं.

"काल दुपारी मी स्वतः हात लावून नमस्कार केला होता," जयेश म्हणाले. ते बँकेतले मोठे अधिकारी. सहलीच्या टोप्यांचा रंग ठरवायलाही त्यांनी मीटिंग घेतली होती. "गाठ माझीच होती."

"नमस्कार कापडाला केला होतात की आतल्याला?" मागून आवाज आला.

मंगला करंदीकर. वय सहासष्ट. मुलगा सुयोग सहलीतला चौथा गडी. निघण्याआधी आज क्लबात व्हायच्या निरोपाच्या खेळाला पस्तीस जणांचा उपमा लागणार होता आणि तो मंगलाबाईंनी केला होता. त्यांचं तिथे असण्याचं एवढंच कारण. गोल्फची काठी त्यांनी जन्मात धरली नव्हती. मात्र पुण्यात एकतीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी नुकसानीचे दावे तपासले होते. जळालेल्या गोदामांनी, बुडालेल्या कापसाने आणि चोरीला गेलेल्या म्हशींनी त्यांना आयुष्यभर फसवायचा प्रयत्न केला होता. एक म्हैस जवळजवळ यशस्वी झाली होती.

त्यांनी कलशातली चिमूटभर वाळू घेतली. ती बोटांना चिकटली. हुंगली. मग कागदी रुमालाला बोटं पुसली आणि रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

"किल्ली कोणाकडे असते?"

"एक माझ्याकडे," जयेश म्हणाले. "आणि दुसरी..."

सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. तिथे गुंडू उभा होता.

२

गुंडू परब बावीस वर्षं खानोलकरांचा ड्रायव्हर आणि मैदानावर त्यांची पिशवी वाहणारा. ते गेल्यावर त्याचा व्हिसा जयेशनी आपल्या भावाच्या कंपनीवर घेतला होता. हा उपकार जयेशना अधूनमधून आठवायचा आणि ते तो मोठ्याने आठवायचे.

"त्याच्या गाडीच्या डिकीत वाळू आहे," जयेश मंगलाबाईंना बाजूला घेऊन म्हणाले. "मी आत्ताच बघून आलो."

"बहरीनमध्ये डिकीत वाळू सापडली?" मंगलाबाई म्हणाल्या. "मग सगळ्या बेटालाच अटक करावी लागेल."

"ताई, चेष्टेची वेळ नाही." जयेशचा आवाज चढला, तो सगळ्यांना ऐकू गेला. "संध्याकाळपर्यंत अस्थी मिळाल्या नाहीत, तर उद्या निघायच्या आधी मी याचा व्हिसा कॅन्सल करायला सांगणार. चोर पदरी ठेवायचा नाही मला. आणि सुनंदावहिनींना, त्यांच्या लेकीला, कश्मिराला, यातलं अक्षर कळता कामा नये. नवरा गेला, आता त्याची राखही गेली म्हणून सांगायचं?"

हे मात्र ते मनापासून बोलत होते. त्यांचे डोळे भरून आले होते. मंगलाबाईंनी संध्याकाळपर्यंतची मुदत मान्य केली आणि त्या गुंडूशेजारी बाकावर जाऊन बसल्या.

गुंडू समोरच्या समुद्राकडे बघत होता. ओहोटी होती.

"गुंडू, उपमा खाल्लास?"

"नको, बाईनू."

"मी केलाय."

त्याने निमूटपणे बशी घेतली, पण खाल्लं नाही. "साहेबांचे अस्थी मी कित्याक घेऊ?" तो एकदम म्हणाला. "बाजारात इकूक? बावीस वर्सां झाली. साहेबांनी एकदा पण 'गाडी खंय होती' म्हणान इचारूक नाय माका."

"तू काल किल्ली कोणाला दिलीस?"

"कोणाक नाय. ही बघा." गळ्यातल्या दोऱ्यात देवाच्या टाकाशेजारी किल्ली होती. "काल दुपारपासून मी एअरपोर्टार होतंय. सुयोगसाहेबांच्या पावण्यांका आणूक."

"हो, ते खरं. माझीच नणंद. विमान चार तास लेट होतं." मंगलाबाईंनी विचारलं, "आणखी किल्ली आहे कुठे?"

"साहेबांची सोताची. ती घराकडे असतली, त्यांच्या जुडग्यात." गुंडूने बशी खाली ठेवली. "बाईनू, माका घालवतले तर घालवू देत. पण चोर म्हणान वेंगुर्ल्याक कसो उतरू? आवस अजून जिती आसा माझी."

मंगलाबाईंनी बशी पुन्हा त्याच्या हातात ठेवली. खोटी आशा देण्याचा त्यांना एकतीस वर्षांत कधी अधिकार नव्हता, त्यामुळे सवयही नव्हती.

३

हमझा मैदानाची देखभाल करणारा. मूळचा इथल्याच मुहर्रक बेटावरचा, सत्तरीचा. दाढी पांढरी. हिंदी सिनेमे बघून शिकलेला. मंगलाबाईंना तो अरबी रीतीने 'उम्म सुयोग', सुयोगची आई, म्हणे.

"हमझाभाई, ही वाळू बघा." मंगलाबाईंनी रुमाल उलगडला.

त्याने बघितली नाही, नुसती हुंगली. "ये बीच का रेत नहीं, उम्म सुयोग. ये ब्राउन का है."

मंगलाबाईंना तेच ऐकायचं होतं. गवताच्या मैदानात जिथे भोक असतं त्या गुळगुळीत तुकड्याला ग्रीन म्हणतात. इथे गवतच नाही, तेव्हा वाळूत तेल कालवून ती दाबून बसवतात, आणि ती तपकिरी दिसते म्हणून तिला ब्राउन म्हणतात. तेलामुळे ती वाऱ्याने उडत नाही. पण पावलं मात्र लख्ख उमटतात. म्हणून शेवटच्या खेळाडूने दोरी बांधलेली काथ्याची जड चटई भोकापासून बाहेर गोल गोल ओढत न्यायची आणि सगळ्यांची पावलं पुसून टाकायची. हा नियम खानोलकरांनी पाटीवर स्वतः रंगवला होता: 'घड्याळाच्या काट्यासारखे फिरा. मागे पाऊल सोडू नका.'

"म्हणजे कोणीतरी एका ब्राउनमधून कलशभर वाळू उकरली," मंगलाबाई म्हणाल्या. "काल कोणता ब्राउन वेगळा दिसला?"

हमझाने दाढी खाजवली. "कल हम सब झाडू किया. नौ नंबर बाकी था. सूरज डूबा, मगरिब हो गया, तो हम नमाज पढने गया. वापस आया, नौ नंबर साफ! हम सोचा गुंडू किया. खलास."

"गाडी दिसली कोणाची?"

"मफी. देखा नहीं." मग तो थांबला. "लेकिन एक बात. साफ है, मगर उल्टा है."

नववा ब्राउन अगदी समुद्राच्या तोंडाशी. मोठ्या भरतीला पाणी दहा पावलांवर येतं. त्यावर आज अजून कोणी खेळलं नव्हतं. भोकापासून निघालेली चटईची रेघ फिरत फिरत कडेला आली होती, शंखासारखी. मंगलाबाई आधी आठव्या ब्राउनपाशी उभ्या राहिल्या, मग नवव्यापाशी. दोन शंख एकमेकांकडे आरशात बघावं तसे होते. आठवा उजवीकडे वळत गेला होता. नववा डावीकडे.

मागून आलेला सुयोग हळूच म्हणाला, "आई, डावखुरा एकच आहे आमच्यात."

"कोण?"

"जयेशकाका."

४

जयेश गुप्ते डावखुरे होते हे खरं. अस्थी नेण्याच्या कागदपत्रांवरून त्यांनी महिनाभर कुरकुर केली होती, हेही खरं. आणि लॉकरची एक किल्ली त्यांच्याच खिशात होती.

"म्हणजे आता माझ्यावर संशय?" ते लाल होत म्हणाले. "मी टोप्या छापून आणल्यात त्याच्या नावाच्या!"

"मला एवढंच बघायचंय, हे काम करतात कसं," मंगलाबाई म्हणाल्या. "मी अडाणी बाई. आठव्यावर जरा ओढून दाखवा."

जयेशनी दोरी डाव्या हातात घेतली. भोकाशी उभे राहिले आणि तरातरा निघाले. दोरी डाव्या हातात, पण भोक उजव्या अंगाला. घड्याळासारखे. बाहेर येईपर्यंत धापा टाकत होते.

"आता गुंडू, तू."

गुंडूने दोरी उजव्या हातात घेतली. भोक उजव्या अंगाला. त्याने वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. पायच चालत होते.

मंगलाबाईंनी हमझाकडे पाहिलं. तो म्हणाला, "उम्म सुयोग, चालीस साल. मेरा पैर को दूसरा रास्ता मालूम नहीं."

"खानोलकर दोन फेऱ्या उलटं जाऊ देत नसत," जयेश म्हणाले. "नव्या माणसाला पाटी वाचून दाखवत. मग परत वाचून दाखवत."

मंगलाबाई वाळूत बसकण मारून बसल्या. त्यांना आता एक गोष्ट पक्की माहीत होती. या मैदानावर ज्याचं रोजचं येणं-जाणं आहे त्यातल्या कोणाचेही पाय नवव्या ब्राउनवर उलटे गेले नसते. घाईत तर मुळीच नाही. घाईत माणूस सवयीनेच चालतो. वाळू उकरणारा गोल्फ खेळणारा नव्हता. पण ब्राउन झाडायचा असतो, आणि भोकापासून बाहेर झाडायचा असतो, हे त्याला ठाऊक होतं. आणि किल्ली त्याला घरात मिळाली होती.

"सुयोग," त्या म्हणाल्या, "उरलेला उपमा डब्यात भर. नईमला, खानोलकरांच्या घरी जाऊन येऊ."

"आई! वहिनींना सांगायचं नाही ठरलंय."

"मी उपमा द्यायला चाललेय. उपम्याबद्दल काही ठरलेलं नाही."

५

नईमच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खानोलकर एकतीस वर्षं राहिले. दार उघडंच होतं. सुनंदाबाई गॅलरीत तुळशीला फेऱ्या घालत होत्या. गुडघे गेलेले, त्यामुळे एक हात कठड्यावर. कुंडी उजव्या अंगाला ठेवून तीन फेऱ्यांना त्यांनी पाच मिनिटं घेतली. मंगलाबाईंनी शेवटपर्यंत पाहिलं आणि मनातल्या मनात एक नाव खोडलं. हे गुडघे तेलकट वाळूत चटई ओढणारे नव्हते. आणि ओढलीच असती, तर देवाची म्हणून उजवीकडूनच.

उरली कश्मिरा.

ती जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. एकोणतीस वर्षांची. जन्म इथला, शाळा इथली, नोकरी इथली. खानोलकरांना मुलगा नव्हता. फेब्रुवारीत हिनेच अग्नी दिला होता. मंगलाबाई तेव्हा स्मशानात मागे उभ्या होत्या. खांद्यावर मडकं घेतलेली ही मुलगी आणि भटजी तिला दरडावून सांगताहेत, 'डावीकडून, डावीकडून. हे उलटंच असतं, बाळ.'

"हाय मावशी," कश्मिरा उठली. "उपमा? यू शुडन्ट हॅव."

"कश्मिरा," मंगलाबाई खुर्चीवर बसत म्हणाल्या, "नवव्या ब्राउनखाली किती खोल ठेवलंस त्यांना?"

गॅलरीतून आत येणाऱ्या सुनंदाबाई दारातच थांबल्या.

"हाउ..." कश्मिरा म्हणाली. मग मराठीत, "कसं कळलं?"

"तू उलटी फिरलीस. आयुष्यात एकदाच कशाभोवती तरी फेरी घातली होतीस तू, आणि ती डावीकडून होती. माझी खात्री आहे, काल तुझ्या पायांना तेवढंच आठवलं."

कश्मिराने मान हलवली. आधी मंगलाबाईंना वाटलं, होकार. पण ती नकार देत होती.

"नाही मावशी. ते नाही." तिने डोळे पुसले. "मी लहान असताना पप्पा मला त्या मॅटवर बसवायचे. वेट पाहिजे ना, नीट झाडायला. ते ओढायचे आणि मी मागे तोंड करून बसायचे, आमची पावलं कशी गायब होतात ते बघत. एव्हरी फ्रायडे. मला एवढंच आठवतं की होल माझ्या डाव्या बाजूला असायचं. ऑलवेज. म्हणून मी काल होल डाव्या बाजूला ठेवलं."

एकतीस वर्षांत माणूस बरोबर आणि कारण चूक असं मंगलाबाईंच्या हातून फक्त म्हशीच्या वेळी झालं होतं.

"पण का गं?" हे सुनंदाबाईंनी विचारलं. त्या अजून दारातच होत्या. "त्यांची इच्छा होती ना स्कॉटलंडची?"

"बघायची इच्छा होती, आई! राहायची नाही." कश्मिराचा आवाज चढला. "कोणी विचारलं मला? जयेश अंकलनी मीटिंग घेतली, टोप्या छापल्या, तू हो म्हणालीस. तिकडे कोण आहे आपलं? गावचं, खानोलीचं घर विकलं. तू पुण्याला जाणार. मी इथे जॉब आहे तोवर. जॉब गेला की रेसिडेन्सी खलास, मला पण जावं लागेल. आपल्यापैकी कोणालाच इथे राहता येत नाही. वन ऑफ अस शुड गेट टु स्टे."

सुनंदाबाई भिंतीला धरून खाली बसल्या.

"आणि कलशात वाळू का भरलीस?" मंगलाबाईंनी विचारलं.

"जेवढी काढली तेवढीच. त्यांच्या हातची वाळू आहे ती. म्हटलं, ती जाऊ दे स्कॉटलंड बघायला. मी सांगणार होते. ते लोक परत आल्यावर. कोणाचं काय नुकसान होतंय, असं वाटलं."

"गुंडूचं होतंय," मंगलाबाई म्हणाल्या. "आज संध्याकाळी त्याचा व्हिसा रद्द होणार आहे. चोर म्हणून."

कश्मिराच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "गुंडूकाकाचा? मला कोणी... व्हाय डिडन्ट एनीवन टेल मी?"

"तुला धक्का बसू नये म्हणून."

तिने पायात सापडल्या त्या चपला घातल्या. एक आईची होती.

६

क्लबाच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर कश्मिराने सांगितलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, मधे न थांबता. मग ती गुंडूपुढे जाऊन उभी राहिली. "काका, सॉरी. मला माहीत नव्हतं. आईशप्पथ."

गुंडूने तिच्या पायांकडे पाहिलं. "बाय, चपल्यो दोन तऱ्हेच्यो घातलंस," तो म्हणाला आणि तोंड फिरवून खांद्याला डोळे पुसले.

जयेशनी सहलीची टोपी काढली, परत घातली, परत काढली. बँकेत त्यांना माफी मागायचा सराव नव्हता. "गुंडू," ते म्हणाले, "मी तुझ्या गाडीची डिकी उघडली. न विचारता. मी..." पुढचे शब्द सापडेनात, तेव्हा त्यांनी खिशातली लॉकरची किल्ली काढून गुंडूच्या हातात दिली. "हीसुद्धा तुझ्याकडेच राहू दे. दोन्ही."

"सगळ्यांसमोर चोर म्हणालात," मंगलाबाई म्हणाल्या. "शब्द पण सगळ्यांसमोर मागे घ्या. किल्लीने भागत नाही."

जयेशनी घेतला. मोठ्याने.

राहिला प्रश्न खानोलकरांचा. कोणी म्हणालं, उकरून काढू. कोणी म्हणालं, शास्त्रात बसत नाही, अस्थी पाण्यात जायला हव्यात. सगळे सुनंदाबाईंकडे बघू लागले. त्यांना खुर्चीसकट उचलून नवव्यापर्यंत आणलं होतं.

"वरून लोक चालणार," त्या म्हणाल्या.

"चालतील," कश्मिरा त्यांच्या पायाशी बसून म्हणाली. "पण एव्हरीवन हॅज टु स्वीप, आई. प्रत्येक जण पुसून जातो."

सुनंदाबाईंनी समुद्राकडे पाहिलं. भरती लागली होती. पाणी वाळूखालून कुठवर येतं ते हमझाने त्यांना हाताने दाखवलं: ब्राउनच्या खालपर्यंत, आणि पुढेसुद्धा.

"मग पाणी मिळालंच त्यांना," त्या म्हणाल्या. "राहू द्या."

कलशातली वाळू डब्यात भरली गेली. डब्याचं झाकण गुंडूने लावलं.

सकाळी राहून गेलेला निरोपाचा खेळ उन्हं कलल्यावर झाला. फार वाईट खेळले सगळे. शेवटी नवव्यावर पस्तीस जणांच्या पावलांचा नुसता चिखल झाला होता. जयेशनी तोवर पाटीखाली खडूने एक ओळ वाढवली होती: 'नववा ब्राउन उलटा झाडावा. कारण विचारू नये.'

"गुंडू," ते म्हणाले, "पहिला मान तुझा."

गुंडूने चपला काढल्या, दोरी घेतली आणि भोकाशी उभा राहिला. निघाला तो उजवीकडे. दोन पावलं गेल्यावर थांबला, मागे आला. पुन्हा निघाला, पाय पुन्हा उजवीकडेच वळले. बावीस वर्षांचे पाय. कोणी हसलं नाही. तिसऱ्यांदा त्याने दोरी डाव्या हातात घेतली, भोक डाव्या अंगाला आहे हे खाली वाकून नीट बघितलं आणि एकेक पाऊल मोजत चालू लागला.

कश्मिरा उठली आणि मागे तोंड करून चटईवर जाऊन बसली. गुंडूने वळून पाहिलं नाही. त्याला फक्त दोरीला वजन लागलं. मग चटई नीट झाडू लागली.